आत्याबाईंचा अंगठा

आमच्या आत्तेसासूबाईंच्या अंगठ्याखालून न गेलेला माणूस रत्नागिरीत सापडणं कठीण. निवृत्त झाल्यावर त्या पुण्याहून अ‍ॅक्युप्रेशर शिकून आल्या आणि त्यांना माणसं दिसायची बंदच झाली. दिसू लागले ते नुसते बिंदू. मांडवीच्या त्यांच्या घरी गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्याची तळपाय दाखवल्याशिवाय सुटका नसे. कोळीण सुरमईचा भाव सांगू लागली की या तिचा पंजा धरून पित्ताची चौकशी करत. "अक्का, हात सोडा, मासे राहिले माझे!" असं ती बिचारी ओरडे.

पण त्यांचा खरा जीव वयात आलेल्या मुलींवर. आमच्या घरात पाळीला 'अडचण' म्हणायची पद्धत, तीही कुजबुजत. आत्याबाई फाटकातूनच विचारत, "सई, पाळी आली का गो? पोट दुखतंय?" ओटीवर आंब्याचा सौदा करत बसलेला व्यापारी एकदम कलमांचा मोहोर न्याहाळू लागे. सासरे चिडत, "अक्का, हळू बोल!"

"का? तुझी चोरी सांगत्ये का मी?"

मग सईच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, घोट्याच्या वर, आतल्या बाजूला अंगठा रुते. तिला बरं वाटे. खरंच, की अंगठ्याच्या धाकाने, ते तिचं तिलाच ठाऊक.

सई नववीत असताना ऐन गणपतीत तिला पाळी आली. बाहेर आरती रंगलेली आणि ही मागच्या खोलीत चटईवर पोटाशी पाय घेऊन कण्हत पडलेली. "लग्न झालं की थांबतं हो," एक पाहुण्या म्हणाल्या. जसा काही नवरदेव औषधाची बाटली घेऊनच बोहल्यावर चढतो! आत्याबाई टाळ ठेवून आत निघाल्या.

"अक्का, शिवू नकोस, सोवळ्यात आहेस!" सासरे ओरडले.

"सोवळं परत नेसता येतं."

त्यांनी सईचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ दाबला. सईला उलटी झाली. आता नवा बिंदू निघणार, असं मला वाटलं. आत्याबाई उठल्या. "हे माझ्या अंगठ्याचं काम नाही. रिक्षा बोलवा."

"आरती तरी होऊ दे," सासरे म्हणाले.

"गणपती थांबेल. त्याचं कुठे पोट दुखतंय?"

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, दुखण्याचं कारण शोधलं, औषधं सुरू केली. पुढे हिवाळ्यात सई शाळेच्या सहलीला गुहागरला गेली, ती पाळी चालू असताना, आणि वाळूत यथेच्छ हुंदडून आली.

त्या दिवशी मात्र दवाखान्याच्या बाकावर इंजेक्शन घेतलेली सई आत्याबाईंच्या मांडीवर पाय टाकून पेंगत होती आणि त्यांचा अंगठा चालूच होता. मी हळूच विचारलं, "आत्याबाई, खरं सांगा, याने थांबतं का हो दुखायचं?"

"कधी थांबतं, कधी नाही." अंगठा न थांबवता त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी त्या दिवसांत कुणी अंगाला हात लावत नसे गो. पडवीच्या कोपऱ्यात एकटीच पोट धरून पडायची मी. कुणी चुकीच्या जागी दाबलं असतं ना, तरी चाललं असतं."