उतारावर ब्रेक लागलाच नाही

मागच्या आठवड्यात सायकल घ्यायला कोल्हापुरात गेले होते. दुकानदार भरपूर बोलला... पण माझ्याशी नाही, माझ्यासोबत आलेल्या दिराशी!

सायकल मला हवी होती. मी गडमुडशिंगी गावातून कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये रोज कामाला जाते. घरातली एकुलती एक मोपेड नवऱ्याच्या शिफ्टला जाते आणि रिक्षा रोज परवडत नाही. त्यामुळे व्हिडिओ बघून, सायकलवाल्या लोकांना विचारून काय घ्यायचं ते पक्कं करूनच गेले होते.

साधी हायब्रिड हवी होती. पुढे सस्पेन्शन नको, स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन. टायर मध्यम रुंदीचे, म्हणजे डांबरी रस्त्यावर पळेल आणि शेताकडच्या वाटेवरही घसरणार नाही. मागं दणकट कॅरिअर... डबा आणि येताना बाजार, दोन्ही बसायला पाहिजे.

गिअर कमी चालतील, पण ब्रेक चांगलेच हवेत. बजेट लहान असलं की कंजुषी कुठं करायची नाही हे आधी ठरवावं लागतं.

दुकानदारानं काढली गुलाबी, पुढं बास्केटवाली. नको म्हटल्यावर जाड टायरची, भडक स्टिकरची. आणि दिराला म्हणतो कसा, "वहिनींना हीच घ्या पावणं. बायकांना गिअर-बिअर कशाला? गल्लीत तर फिरवणार." दीर हसला... त्याचा समाचार घरी घेतला, तो भाग वेगळा.

शेवटी कोपऱ्यातली धूळ खात पडलेली हायब्रिड मीच ओढून बाहेर काढली. तिचे ब्रेक शू, म्हणजे चाकाला घट्ट धरणारे रबराचे तुकडे, अगदी हलक्या प्रतीचे होते, दगडासारखे कडक. मी चांगल्या रबराचे वेगळे निवडले, त्यांचे पैसे भरले. "फिटिंग करून संध्याकाळी टेम्पोनं पाठवतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघाले. गावाबाहेरच्या उतारावर पुढं उसाची ट्रॉली वळायला थांबली होती. मी दोन्ही ब्रेक दाबले...

मागचा ब्रेक सरळ मुठीला टेकला. पुढचा नुसता किंचाळला, सायकल थांबेना. ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊस तोंडासमोर आले आणि मी हँडल वळवून कडेच्या चरीत जाऊन पडले.

कोपर सोललं, ड्रेस फाटला. ट्रॅक्टरवाला उडी मारून धावत आला, हात धरून उठवलं. "थोडक्यात वाचलासा ताई," म्हणाला, आणि त्याचाच चेहरा पांढरा पडला होता.

सायकल उचलून बघितली. मागच्या ब्रेकची केबल नटातून निसटून लोंबत होती... तो नट कुणी आवळलाच नव्हता. आणि ब्रेक शू? तेच जुने, दगडासारखे.

तिथूनच दुकानात फोन लावला. "मॅडम, सवय न्हाय तुम्हाला. गिअरची सायकल झेपायची न्हाय म्हणून तर सांगत होतो की," तो म्हणाला. मला रडूच फुटलं. राग आला की मला रडू येतं... आणि लोकांना नेमकं ते रडूच दिसतं, राग दिसत नाही.

घरी जायचीही भीती होती, कारण सासूबाईंचा सायकलला पहिल्यापासून विरोध. "सून सायकल मारत निघाली, लोक काय म्हणतील?" हे मी रोज ऐकत होते. घरी गेल्यावर त्यांनी कोपराला हळद लावली, सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता विकायला लावणार.

त्या आत गेल्या आणि ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या. "चल. दुकान दाव."

शेजारच्यांच्या टेम्पोत सायकल आहे तशी घातली आणि निघालो. दुकानात गिऱ्हाइकं होती. दुकानदारानं पुन्हा तेच सुरू केलं, मॅडमना सवय नाही वगैरे. सासूबाईंनी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही.

"बस हिच्यावर."

"काय?"

"बस की. त्यो समोर उतार हाय. वरनं सोड, मी खाली हुबी ऱ्हाते."

"मावशी, काय चेष्टा करताय..."

"चेष्टा तू केलीस. माझी सून ट्रॉलीखाली गेली असती! तिला झेपत न्हाय म्हणतोस न्हवं? तुला झेपतंय काय बघू. बस."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्यानं सीटवर हात ठेवला, केबलकडं बघितलं... पण बसला नाही. मुलीसाठी सायकल बघायला आलेला एक बाप तिचा हात धरून गुपचूप बाहेर पडला.

मग ड्रॉवरमधून पाकीट निघालं. मी पैसे भरलेले ब्रेक शू, न फोडलेले! माफी नाही, काही नाही. "कामगारांकडनं राहिलं असंल," एवढंच. मी शेजारी उभी राहून ते बसवून घेतले, एकेक नट माझ्यासमोर आवळून घेतला.

नंतर त्या उतारावरून मीच सायकल सोडली. खाली सासूबाई उभ्या होत्या, रस्त्याच्या अगदी मधोमध. मी वेगात येत होते, पण त्या तसूभर मागं सरकल्या नाहीत. ब्रेक दाबला... आणि सायकल त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली.

राग अजून गेलेला नाही. केबलचा नट विसरला जाऊ शकतो एकवेळ, पण पडलेल्या बाईला "तुम्हाला झेपत नाही" म्हणणं ही विसरल्यानं झालेली चूक नव्हे. तुम्ही सायकल घ्याल तेव्हा ब्रेक दुकानातच दाबून बघा, आणि कुणी तुमच्याऐवजी सोबतच्या पुरुषाशी बोलायला लागला तर सरळ दुसरं दुकान गाठा.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, अजूनही म्हणतात, बाईनं सायकल मारणं बरं दिसत न्हाय. त्या फेसबुकवर नाहीत, म्हणून धीर करून इथं लिहिते... आई, तुम्ही रस्त्यातून हलला नाहीत, ते मी कधी विसरणार नाही.