न गेलेल्या यानाची पाटी

जगात कुणाशीही सौदा करावा, पण माझ्या साडूशी करू नये. हातगाडीवर डबे-बाटल्या गोळा करता करता मी मुदखेड रोडला स्वतःचं भंगाराचं आवार उभं केलं, कारखान्यांचे बॉयलर उचलले, हैदराबादच्या व्यापाऱ्यांना घाम फोडला. माझा आवाज चढला की समोरचा खाली येतो, असा माझा लौकिक आहे. या एका माणसापुढे मात्र मी आजवर जिंकलेलो नाही, कारण तो घासाघीस करतच नाही. खरं काय ते बोलतो आणि गप्प बसतो. अशा माणसाला धरायचं कुठून?

ते चाकूरला विज्ञानाचे शिक्षक होते. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली आहे, म्हणून नात्यानं साडू; पण तोंडावर मीही सगळ्या तालुक्यासारखं गुरुजीच म्हणतो. भंगार हा शब्द त्यांना खपत नाही. ज्या शब्दावर माझी चूल पेटते तो शब्द माझ्याच घरी जेवायला बसून ते खोडून काढतात. "साडूभाऊ, वस्तू भंगार होत नसते, सेवानिवृत्त होते." आणि हे नुसतं बोलणं नव्हे. त्यांची जुनी सायकल ज्या दिवशी कायमची मोडली, त्या दिवशी त्यांनी तिच्या हँडलला शाल गुंडाळली, कॅरिअरवर नारळ ठेवला आणि शेजाऱ्यांना चहाला बोलावून तिच्या सेवेबद्दल चार शब्द बोलले. पुढच्या खोलीत भिंतीवर कुकर टांगलेला आहे, खाली पाटी : "शिट्टी उडाल्याने निवृत्त". शेजारी आजोबांच्या काळातला कंदील, फुटकी दुर्बीण, झिजलेला पाटा, सगळ्यांना पाट्या. आमच्या मेहुणीला घरात सगळे अक्का म्हणतात. त्या म्हणतात, "मी तेवढी अजून सेवेत हाय, म्हणून गळ्यात पाटी न्हाई."

खरेपणाचा तर त्यांना रोगच आहे. माझ्या पुतण्याची सोयरीक भोकरला जमत आली होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी. मुलीच्या वडिलांनी रीत म्हणून विचारलं, "गुरुजी, तुमी तर पोराला वळखता. कसा हाय?" इथं 'सोनं हाय' म्हणायचं आणि पोहे खायचे, एवढंच काम असतं. गुरुजींनी चष्मा पुसला. "मुलगा मनानं चांगला आहे. घोरतो. रागीट आहे, तो गुण चुलत्याचा. दहावीला गणितात दोनदा बसला." मी पोह्यांची ताटली हातात धरून तसाच उभा. वाटलं, ताटली यांच्याच डोक्यात घालावी. पण मुलीचे वडील खो खो हसले आणि म्हणाले, "ज्या घरात घोरणंसुदिक लपवीत न्हाईत, त्या घरात पोरगी द्यायला काय भ्याव?" सोयरीक झाली. त्याचं श्रेयही गुरुजींना मिळालं. माझा राग तसाच राहिला.

त्यांच्या-माझ्यातलं खरं प्रकरण मात्र यानाचं. एका सरकारी लिलावात मी जुन्या ॲल्युमिनियमचा मोठा लॉट उचलला. ट्रक रिकामा करताना त्यातून एक अजब वस्तू निघाली : माणसाहून उंच, बुडाला रुंद, वर निमुळती, एखाद्या राक्षसाच्या देवळातली घंटा उतरवून ठेवावी तशी. अंगावर पोचे, खारवलेले डाग, वर जाडजूड कड्या. मी गॅस कटर आणायला सांगितला. नेमके त्याच वेळी गुरुजी नातवाच्या जावळाचं आमंत्रण द्यायला आले. त्यांनी त्या वस्तूभोवती तीन फेऱ्या मारल्या, कड्या चाचपल्या, पुसट झालेला नंबर वाचला, आणि बाजूच्या भोकातून धोतर सावरत आत जाऊन बसले.

"गुरुजी, भाईर या. कटर पेटवायचाय."

"पेटवा. मी आत आहे."

"अहो, काय करून राहिले तुमी? टाकी हाय ती!"

"ही टाकी नाही. हे अवकाशयान आहे. परत आलेलं."

तो दिवस त्यांनी आत काढला. दुपारी माझ्या बायकोनं त्यांना भाकरी आणि वांग्याची भाजी पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ते परत आत बसले, तेव्हा तिनं उशी पाठवली. माझ्याच घरातून शत्रूला रसद! मी ओरडलो, आपटलो, शेवटी थकलो. तिसऱ्या दिवशी माझ्याच ट्रकमधून ते यान चाकूरला निघालं. अहमदपूरला चहाला थांबलो तर लोक विचारू लागले, "काय हो, दूध डेरीची टाकी का?" गुरुजी प्रत्येकाला खाली उतरून पहिल्यापासून सांगत. चाकूरला पोचायला संध्याकाळ झाली.

रस्त्याकडेच्या आपल्या जागेत त्यांनी पत्र्याचं शेड घातलं. यान कोरड्या पाटांवर ठेवलं, पोचा एकही काढू दिला नाही. मी रंग द्यायला माणूस पाठवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावला. "डाग हा त्याचा अनुभव आहे, साडूभाऊ." शाळा सहली आणू लागल्या, बाजाराला आलेली माणसं डोकावू लागली. आकार पाहून काही भाविकांनी यानावर बेल वाहिला, विभूतीची बोटं ओढली. गुरुजी रागावले नाहीत. राखेनं धातू खराब होतो म्हणून त्यांनी शेजारी एक गोल दगड ठेवला आणि लिहिलं, "बेल येथे वाहावा." आता दगडापुढे गर्दी जास्त असते, ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

अशात एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कुणी गेलं.

"साडूभाऊ, मी सगळ्या तालुक्याशी खोटं बोललो."

यानाची माहिती मागायला त्यांनी अवकाश संशोधकांना पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं होतं : हे यान अवकाशात कधी गेलंच नाही. पॅराशूटची छत्री नीट उघडते का हे बघायला ते हेलिकॉप्टरनं वर नेलं, समुद्रावर सोडलं, पाण्यातून काढलं. असं बऱ्याचदा. मग मोडीत. "शेडला कुलूप लावलंय," गुरुजी म्हणाले. "तुमची वस्तू परत घेऊन जा. कापा."

मी ट्रक घेऊन गेलो. खरं सांगतो, परत आणायलाच गेलो होतो. पण शेडच्या पायरीवर हा माणूस मांडीवर पत्र घेऊन बसलेला, आणि आत ते पोचे पडलेलं धूड. आयुष्यात पहिल्यांदा मला फुकट मिळणारा माल नको झाला. आता तो न घेण्यासाठी घासाघीस करायची पाळी माझ्यावर आली.

मी म्हटलं, "यान ऱ्हाऊ द्या. पाटी लावा. लिहा : अंतराळप्रवास केलेले यान."

"हेलिकॉप्टरमधून टाकलेले भांडे," ते म्हणाले.

"अंतराळाच्या दारापर्यंत गेलेलं."

"दार फार लांब होतं. छताच्या वर गेलेलं, म्हणू."

"आभाळातून आलेलं! हे तर खोटं न्हाई?"

"पाऊसही आभाळातूनच येतो."

दोनदा चहा झाला. अक्का म्हणाल्या, "जनावराच्या बाजारात बी एवढा वेळ लागत न्हाई रे बाबा." मी एकेक शब्द सोडत होतो आणि ते एकही घेत नव्हते. शेवटी माझं डोकं फिरलं. मी पायरीवर हात आपटला. "अहो गुरुजी, ह्ये पडलं म्हणून तर पुढचे नीट उतरतील! कुणीतरी आधी पडून दाखवावंच लागतंय का न्हाई?"

ते पायरीवरून उठले. मग खिशातून खडू काढला. "परत म्हणा."

पाटी अशी झाली : "हे यान अवकाशात गेलेले नाही. जे जातील, त्यांनी सुखरूप परत यावे म्हणून हे आधी पडले." व्याकरण त्यांचं, वाक्य माझं. तरीही या गृहस्थानं दुसऱ्या ओळीवर पोतं टाकलं आणि ती खरी आहे का, हे विचारायला पुन्हा पत्र पाठवलं! महिनाभर माझं वाक्य पोत्याखाली. होकार आला तेव्हा कुठे पोतं निघालं.

आता पाहुणे येतात, पाटी वाचतात आणि गुरुजींना म्हणतात, "काय लिवलंय हो!" गुरुजी मान लववतात. वाक्याखाली माझं नाव टाका म्हणून मी चारदा भांडलो. ते म्हणतात, "नाव टाकलं की ते मत होतं. नाव नसलं की खरं वाटतं." या तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही आणि मी ती सोडणार नाही.

गेल्या रविवारी मी काही कामाशिवाय चाकूरला गेलो होतो. गुरुजी हल्ली थकलेत. खुर्ची दारात घेऊन बसतात. पहिलं वाक्य मोठ्यानं सांगतात, दुसऱ्यासाठी पाटीकडे बोट करतात, तुम्हीच वाचा म्हणून. आत एक म्हातारी एकटीच उभी होती. मला म्हणाली, "दादा, काय लिवलंय, वाचा की." मी वाचलं. तिनं यान खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, "लई जोरात पडलं आसंल का हो?"

"हाव मावशी, लई जोरात. लई डाव."

तिनं पुढं होऊन एका पोच्यावर तळहात ठेवला आणि दमून आलेल्या बैलाची पाठ चोळावी तसा हळूहळू फिरवत राहिली. हाताच्या घामानं धातू खराब होतो, म्हणून कुणी बोट जरी लावलं तरी गुरुजी खुर्चीतून हाक मारतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बघत होते. त्यांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला, आणि तिला काहीच म्हणाले नाहीत.