शिट्ट्यांचं इंग्रजी

परवा भुईगावच्या नाटकात शिट्ट्या वाजल्या आणि मला अठ्ठ्याहत्तर सालचा आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक आठवला.

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. स्पॅनिश फादरांकडे शिकून त्यांच्या भाषेतली एक गोष्ट मी अंकासाठी इंग्रजीत आणली होती. तिच्यात लोक शिट्ट्या मारतात आणि गायिका रडत आत जाते.

“अरे, शिट्ट्या पडल्यावर बाई रडेल कशाला? आपल्याकडे वन्समोअर देतात!” अंकाचे संपादक असलेले आमचे इंग्रजीचे सर हसले.

स्पेनमध्ये शिट्ट्या मारून हुर्यो उडवतात, हे फादरांनी मला बजावून सांगितलं होतं. पण सरांसमोर तोंडच उघडेना. त्याचा राग अजून येतो. त्यांनी रडणं खोडून तिला हसवलं.

गोष्ट माझ्या नावाने छापली गेली. बाबांनी पहिला अंक कौतुकाने नेऊन दिला, तो फादरांनाच.