फिरंगिणीचा हरेश

हरेशला मिठाचा राग होता. जेवणातल्या नव्हे, मिठागरातल्या. बाप मिठागरावर राबून राबून गेला, आई केस पिकेपर्यंत उन्हात टोपल्या वाहत होती, आणि पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात कुणीही भेटला तरी बोलणं फिरून फिरून मिठावरच यायचं. हरेशनं शाळेत असतानाच जाहीर केलं होतं, की आपण मिठाला हात लावणार नाय. शब्दाला तो जागलाही. रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून चिकटला आणि गावात सांगत सुटला, की आपण प्लान्टमध्ये असतो. प्लान्टमध्ये तो पिंपं ढकलायचा. पण पिंपं ढकलणारा माणूस संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टात पेण स्टेशनला उतरतो आणि मीठ ओढणारा गुडघ्यापर्यंत पांढरा होऊन चालत घरी येतो. एवढा फरक हरेशला पुरत होता.

पुढं तोही पुरेना. कंपनीत वेल्डिंगला एक गोव्याचा माणूस होता, तो एकाएकी यायचा बंद झाला. कॅन्टीनमध्ये कळलं, की त्याची आई गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य असताना जन्मली होती, त्या जोरावर त्याला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं आणि तो तिकडं कामालाही लागला. हरेशचा वडा हातातच राहिला. कारण आई पोर्तुगीजांच्या गोव्यात जन्मलेली, असा माणूस उभ्या पेण तालुक्यात शोधून सापडला नसता, आणि तो हा इथं वडा खात बसला होता.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. त्याच्या आईचं, काशीबाईचं, माहेर ह्याच खाडीकाठचं. एका उधाणात इथला बांध फुटला आणि मिठागर बुडालं, तेव्हा तिचा बाप बायकोला घेऊन गोव्यात पेडण्याकडं मीठ ओढायला गेला. काही हंगाम तिथं काढले, तिथंच ही पोरगी झाली, आणि इकडचा बांध घातल्यावर बिऱ्हाड परत आलं. पोर्तुगालशी संबंध काय तो एवढाच. पण लग्न होऊन सासरी आल्यावर तेवढंही पुरलं. मोठी जाऊ इंदुबाई हिनं तिला फिरंगीण नाव ठेवलं. भात करपला, फिरंगीण. कालवण खारट झालं, फिरंगीण. हरेश शाळेत गेला तर पोरं त्याला फिरंगिणीचा म्हणून चिडवायची, आणि हा वीर पोरांना काही न बोलता घरी येऊन आईवर डाफरायचा, "तुला दुसरीकडं जन्माला येता आलं नाय?"

तर त्या संध्याकाळी हा मुलगा आईसाठी जिलेबी घेऊन आला. काशीबाईनं पुडा बघितला आणि सुनेला विचारलं, "अनिता, काय गो, ह्याचं काम गेलं का काय?"

रोह्यात फरसाणाच्या दुकानावरच्या माडीत आदर्श नावाचा एक तरुण एजंट बसायचा. परदेशी जाणाऱ्यांचे कागद करून द्यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, काम होण्यासारखं आहे. फक्त आधी आई कागदावर पोर्तुगीज व्हायला हवी, मग तिचा मुलगा म्हणून हरेश. हरेशला मधलं काही ऐकूच आलं नाही. त्याच्या मते तो त्या क्षणीच पोर्तुगीज झाला होता.

पुढचे दिवस अनितानं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. हा भर वैशाखात कोट घालून ओटीवर बसायला लागला. पाठीला घामोळं आलं, पण कोट उतरेना. चहात दूध नको म्हणाला. दारावरून कुणी गेलं की हाक मारून सांगायचा, "आमच्याकडं रस्त्यावर कुणी थुंकत नाय." आमच्याकडं म्हणजे पोर्तुगालात. एकदा तांदळाची भाकरी काट्यानं खायला बसला. काटा टोचला की भाकरी सरकायची. अनिता बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "करवत आणून देऊ?"

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं ठेकेदाराला तोंडावर सांगितलं, की तुझी पिंपं तूच ढकल, वर दोस्तांना मटणाची पार्टी दिली, गळ्यात हार घालून फोटो काढून घेतले. काम सुटलं. आता पोर्तुगाल नाही झालं, तर परत त्याच ठेकेदाराचे पाय धरायचे, नाहीतर मिठागर. रात्री अंथरुणावर पडलं की हे त्याला आठवायचं आणि मग तो पंखा वाढवायचा.

गोव्यातून आईच्या जन्माची नोंद मिळाली. त्या राज्यात पोर झालं की नाव लावावंच लागायचं, तसं ते लावलेलं होतं. पण आदर्शनं फोन करून विचारलं, "हरेशभाऊ, ही चंद्रावती कोण?"

चंद्रावती म्हणजे काशीबाईच. तिचं माहेरचं नाव ते. पण तिच्या सासूचंही नाव चंद्रावती, आणि एका घरात सासूसून एका नावाच्या कशा चालतील? सुनेला त्याच नावानं कुणीही हाक मारायला लागलं तर सासूचा मान राहिला कुठं? म्हणून लग्नात परातीतल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं काशी असं लिहिलं, आणि चंद्रावती मिटली. आपल्याकडं घरोघर हे होतं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पोर्तुगालवाल्यांना मात्र वाटलं. कागदावरची चंद्रावती वेगळी, रेशनकार्डावरची काशीबाई वेगळी, मग हरेश नेमका कुणाचा? आदर्श म्हणाला, लग्नात नाव बदललेलं ज्यानं डोळ्यांनी बघितलं, त्या माणसानं प्रतिज्ञापत्र करून दिलं तर पुढं सरकेल.

तसं बघितलेलं हयात माणूस एकच उरलं होतं. तांदळाची परात धरून बसलेली मोठी जाऊ, इंदुबाई. घर भिंतीला भिंत लागून. आणि तिच्या शेवग्याची पानं आपल्या अंगणात पडतात म्हणून हरेशनं ते झाड ती बाजाराला गेलेली असताना तोडलं होतं, तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद.

हरेश साडी घेऊन गेला. इंदुबाई सुपात जवळ्यासारखी बारीक कोलीम निवडत बसली होती. साडीकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

"काकू, आमच्या आईचं नाव लग्नात बदललं, तेवढं सायबासमोर सांगायचं हाय."

"कुणाची आई?"

"माझी."

"मला नाय आठवत. झाडाखाली बसलं की मला जुनं आठवतं. झाड कुठं हाय आता?"

हरेशनं मान खाली घातली. तिनं त्याला तसाच उभा ठेवला. मग म्हणाली, "आधी शेवगा लाव. आळं कर, पाणी घाल, पालवी फुटली की ये."

कोट घालून पोर्तुगालचा नागरिक रोज सकाळी चुलतीच्या अंगणात शेवग्याच्या फांदीला पाणी घालू लागला. गाव कामं सोडून बघायला यायचं. शेवगा तसा दयाळू, लवकर फुटला.

रोह्याला वकिलासमोर सगळे गेले. इंदुबाईनं परात, तांदूळ, अंगठी, सगळं सांगितलं. शेवटी न विचारताच म्हणाली, "हिला फिरंगीण मीच म्हणायची. तेही लिवा." वकिलानं ते लिहिलं नाही. मग त्यानं कागद वाचून हाक मारली, "चंद्रावतीबाई?"

हरेशनं काशीबाईला कोपरानं ढोसलं. तिनं त्याचा हात बाजूला केला, पदर नीट केला आणि म्हणाली, "व्हय. मीच ती." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लग्नानंतर पहिल्यांदा कुणी तिला त्या नावानं हाक मारली होती, आणि तीही फी घेऊन. हरेशला वाटलं, आई आपण परदेशी जाणार म्हणून रडते. त्यानं तिची समजूत काढली, तेव्हा इंदुबाईनं कपाळावर हात मारला.

घरी आल्यावर मात्र वेगळंच सुरू झालं. काशीबाई म्हणून हाक मारली की म्हातारी ओ देईना. "कोण काशीबाई? मी चंद्रावती. सरकारात लिवलंय." पोस्टमनला तेच, भाजीवाल्याला तेच. इंदुबाईनंच पहिली हाक मारली, भिंतीवरून, "चंद्रावती, कोलीम देऊ का गो?"

यथावकाश चंद्रावती पोर्तुगीज झाली. कार्ड आलं, ते तिनं तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं आणि पापड लाटायला बसली. तिच्यामागून हरेशही झाला. तो जाताना अनिताला म्हणाला, घर लागलं की तुला नेतो. आईला म्हणाला, तब्येतीला जप. कोट अंगात होताच.

मग फोन यायचे. काम काय, विचारलं की म्हणायचा, "फूड लाइनमध्ये हाय, मोठी कंपनी हाय." जास्त विचारलं की आवाज तुटायचा. गावाला काही दाखवायला हवं, म्हणून गणपतीत त्यानं फोटो पाठवला. मागं उंच पांढराशुभ्र ढीग, पुढं गॉगल लावून हरेश, आणि खाली लिहिलेलं, की आमच्याकडं बर्फ पडायला लागला. अनितानं तो आरतीला जमलेल्या सगळ्यांना दाखवला. पोरं हरखली. म्हाताऱ्या माणसांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि एकमेकांकडं बघितलं. कुणी काही बोललं नाही, कारण गणपती घरात होता.

विसर्जन करून सगळे ओटीवर बसल्यावर आईनं अनिताला फोन स्पीकरवर लावायला सांगितला.

"हरेश, बर्फात उघड्या पायानं उभा हायस?"

त्याला बोलू न देता तिनं पुढं विचारलं.

"आणि ढिगाच्या कडेला पाण्याचे वाफे कशाला रे, बर्फाला?"

मग त्याचा आवाज आला, अगदी लहान झालेला. "आये, दुसरं कायच मिळालं नाय. भाषा येत नाय. तुमच्या गावाकडं काय काम करतात विचारलं, तर मला दुसरं सांगता आलं नाय." आणि मग, "गावात कळलं?"

"मिठागरवाल्यांना मिठाचा फोटो धाडलास. अख्खं गाव हसतंय. इंदुबाई हसून हसून आडवी झाली. पुंडलिक सोडून." पुंडलिक म्हणजे त्याच्या बापाबरोबर जन्मभर मीठ ओढलेला म्हातारा. "त्यानं लई वेळ बघितलं. म्हणतो, ढीग कुणी लावलाय विचार."

"मी."

"सगळा?"

"व्हय."

"बापासारखा लावलायस," चंद्रावती म्हणाली. "पायाला खोबरेल लाव, नायतर भेगा पडतील."

तिकडं पोर्तुगालात हरेश मिठाच्या ढिगाशी उभा राहून ढसाढसा रडला. फोन कापायचं त्याला सुचलं नाही, त्यामुळं इकडं सगळ्यांना ऐकू गेलं.