सहलीतला सर्वांत वांड मुलगा

आमच्या अध्यापक विद्यालयात छप्पन्न वर्षांचा एक मुलगा होता. डोक्याला टक्कल, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आणि हुद्दा ज्येष्ठ अध्यापकाचा. वर्गात ते अध्यापन पद्धती शिकवत, तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असे. पण सहलीला निघालो आणि विद्यालयाचं फाटक ओलांडलं, की ते पँटमध्ये खोचलेला शर्ट बाहेर ओढत. शर्ट बाहेर आला की सर संपले. उरे तो चौथी ब मधला बंड्या.

म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना बंड्या सर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

खेळ असा, की आमच्यापैकी एकाने शिक्षक होऊन सहल न्यायची, बाकीच्यांनी मुलं व्हायचं आणि बंड्याने शिक्षकाचा जीव नकोसा करायचा. पोस्टात नेलं तर हा टेबलावरचा शिक्का स्वतःच्या कपाळावर मारून घेणार. अग्निशमन केंद्रात नेलं तर घंटेकडे धावणार. "बाई, शू लागली" हे तर ठरलेलंच, आणि तेही ऐन रस्ता ओलांडताना. टक्कल पडलेला गृहस्थ एका विशीतल्या मुलीला हे सांगतोय म्हटल्यावर लोक थबकत. मुलुंडच्या बाजारात एकदा एक भाजीवाली मध्ये पडली. "काय गं पोरी, म्हातारा त्रास देतो काय? बोलवू हवालदाराला?" बंड्या आमच्या मागे लपला आणि सहल संपेपर्यंत गुणी मुलासारखा वागला.

दंगा संपला की शर्ट आत, आणि तिथेच फुटपाथवर आमची झाडाझडती. "वर्गात पोरगं बाकाला बांधलेलं असतं," ते म्हणत. "बाहेर आणलंत की सुटतं. सुटलेलं पोर सांभाळता येत नसेल तर बँकेत नोकरी धरा. नोटा पळत नाहीत."

बंड्याचे प्रश्न मात्र दंग्याहून वाईट. "बाई, समुद्र खारट, मग त्यातले मासे अळणी का?" आमच्यातल्या एकाने ठोकून दिलं, की माशांची कातडी जाड असते. सरांनी त्याला सरळ मासळी बाजारात नेलं आणि हातात बोंबील दिला. "दाखव जाडी." माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, उद्या शोधून सांगते म्हणावं, हे आम्ही त्या बोंबलापाशी शिकलो.

माझी गत मात्र कठीण होती. मी घाटकोपरच्या चाळीतली, घर मूळचं मालवणकडचं. मोठ्यांपुढे मान वर करायची नाही हे बाळकडू मिळालेलं. एकदा सर झाडावर चढून बसले आणि मी खालून म्हणाले, "बंड्या, आपण जरा खाली उतरता का, प्लीज?" अख्खी तुकडी पोट धरून खाली बसली. झाडावरून उत्तर आलं, "नाही उतरत. पुढच्या वर्षी या."

सगळे हसले, मला हसता येईना. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि घरात मिळवतं कुणी नव्हतं. मी पास झाले तरच पालिकेच्या शाळेत लागणार होते, आणि माझा आवाज तर मुलांसमोर उभं राहिलं की घशातच राही. आई करवादायची, "अगो, बोलाक काय पैसे पडतत तुका?"

परीक्षेचा शेवटचा पाठ माझ्या वाट्याला आला तो नाहूरच्या पलीकडच्या मिठागरात. या वेळी खोटी मुलं नव्हती, जवळच्या शाळेतली खरीखुरी चौथी होती. सोबत बाहेरून आलेले परीक्षक. आमच्या प्राचार्या, म्हणजे मोठ्या बाई, त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या, आणि त्यांची जागा सरांनाच मिळणार असं शिपायापासून सगळे धरून चालले होते. निवडीत या परीक्षकांचा शब्द चालायचा. मोठ्या बाईंनी आमच्यादेखत सरांना बजावलं, "आज शर्ट आत राहू दे. एवढा एक दिवस."

"शपथ," सर म्हणाले.

मी बांधावर उभी राहिले. मिठाचे पांढरे ढीग, डोळ्यांत ऊन, समोर ती पोरं. "मुलांनो," म्हणाले, आणि पुढचं वाक्यच सुचेना. पोरांना अशा गोष्टी लगेच कळतात. एक दगड पाण्यात पडला, मग दुसरा. मागची रांग पांगली. दोघं ढिगावर चढू लागले. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. माझे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात दिसलं, की परीक्षकांच्या शेजारी उभे असलेले सर शर्ट बाहेर ओढताहेत.

"बाई, मी मीठ होणार!"

अशी आरोळी ठोकून त्यांनी बांधावरून थेट वाफ्यात उडी मारली. गुडघाभर पाणी आणि चिखल. शिंतोडे परीक्षकांच्या पांढऱ्या शर्टावर. पोरं जागच्या जागी थिजली. एवढा मोठा वांड मुलगा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मला काय झालं देव जाणे. "बंड्या!" मी ओरडले. तो आवाज माझा आहे हे मलाच खरं वाटेना. "बाहेर ये आधी! कान धर! आणि तुम्ही दोघं, ढिगावरून खाली! आता कोणी हललं तर गाठ माझ्याशी आहे!"

बंड्या चिखल ठिबकवत वर आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कान धरून रांगेत शेवटी उभा राहिला. "बाई, झालो का मी मीठ?"

"नाही झालास. अंगावरचं पाणी सुकू दे. मग काय उरतं ते सगळ्यांना दाखव."

आणि पाठ सुरू झाला. तो संपेस्तोवर सरांच्या पोटऱ्यांवर पांढरी पुटं धरली होती, आणि चौथीची पोरं ती नखाने खरवडून जिभेला लावून बघत होती. परीक्षक रुमालाने शर्ट पुसत मोठ्या बाईंना म्हणाले, "हे तुमचे व्हायचे प्राचार्य?"

निकाल लागला, मी पास झाले. त्याच दिवशी कळलं, की प्राचार्यपद बाहेरच्या एका गृहस्थांना गेलं. मी रडत शिक्षकांच्या खोलीत गेले. "सर, माझ्यामुळे तुमची..."

"वेडी की काय तू?" सर म्हणाले. "प्राचार्याला सहलीला जाता येतं का कधी? नुसत्या फायली उपसायच्या. सुटलो मी! पेढे काढ आधी." ते असे खदखदून हसले, की माझं मन हलकं झालं. नोकरीची सगळी वर्षं मी ते हसणं खरं मानलं.

सर वारले तेव्हा मी मुलुंडला त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेले. मिठागराची गोष्ट सांगितली. काकू हसल्या, मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"ती तू होय? अगं, त्या जागेसाठी ह्यांनी कोट शिवायला टाकला होता. लग्नानंतरचा पहिला. शिंपी निरोप पाठवून थकला, पण हे आणायला जाईनात. जागा मिळत नाही असं कळलं त्या दिवशी जेवले नाहीत. गॅलरीत बसून राहिले. मी म्हटलं, एवढं लागलंय मनाला, तर उडी मारलीत कशाला? तर म्हणाले, 'पोरगी बुडत होती गं.' आणि सकाळी उठून गेले तुमच्या गोराईच्या सहलीला."

त्या सहलीला मी होते. आमच्या तुकडीची ती निकालाआधीची निरोपाची सहल, आणि आम्हाला तोवर काहीच कळलं नव्हतं. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत सगळ्यांत जास्त दंगा त्यांनीच केला होता.