बुजवलेली हीर

बिराप्पा बंडगरला लोक सायब म्हणत, पण त्याची सगळी उमर खड्ड्यात गेली. इमारत वर चढली की बघणारे वरच बघतात. खाली काय पुरलंय हे भिंतीला तडा जाईपर्यंत कुणी विचारत नाही. तो तडा जाऊ नये म्हणून ज्याला पगार मिळायचा, तो हा माणूस.

जतच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला, बाभळेवाडी म्हणून धनगरांचं गाव आहे. तिथला हा. बाप मेंढरं घेऊन निम्मं वर्ष मुलूखभर फिरायचा. बिराप्पा तेवढा शाळेत टिकला, सांगलीला शिकून इंजिनेर झाला आणि विश्रामबागेतल्या एका कंपनीत लागला. कंपनीचं काम जमिनीचं. कुणाला पूल बांधायचा असला, टाकी उभी करायची असली, की आधी ह्यांना बोलावणं यायचं. जागा बघायची, बोअर मारून खालची माती आणि खडक वर काढायचा, तपासायचा, पाया किती खोल न्यायचा ते ठरवायचं, आणि खड्डा खणण्यापासून काँक्रीट जमिनीच्या वर येईपर्यंत तिथंच उभं राहायचं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा जिम्मा एका माणसाचा, म्हणजे बिराप्पाचा.

त्याचं एकच मागणं असायचं. सकाळी जेवढी माणसं खड्ड्यात उतरली तेवढी सांजच्याला वर आली पाहिजेत. मेंढरं कोंडताना बाप मोजायचा तशी हा माणसं मोजायचा, बोट नाचवत. त्याच्या एवढ्या वर्षांच्या कामात मातीखाली एक माणूस गेला नव्हता. ही गोष्ट तो कधी बोलून दाखवायचा नाही. दृष्ट लागंल म्हणून भ्यायचा.

त्याच्या संगं जोतीराम असायचा. जोतीराम औंधाकडचा, पलटणीत पूल बांधून पेन्शनीवर आलेला, मिशीला अजून पीळ. खड्ड्यावरची माणसं त्याच्या ताब्यात.

"काय मेंढक्या सायब, झाली का कळपाची मोजदाद?" सांज झाली की तो हटकून विचारायचा.

"झाली. एक बोकड जादा भरतंय, मिशावालं."

"मग कापा की जत्रंला!"

"कापलं असतं रं फौजी, पर मटान लय चिवट निघंल."

असं त्यांचं रोजचं. दोघांच्या बायकांनाही हे पाठ झालेलं.

बिराप्पाची एक रीत होती आणि तिच्यापायी कंपनीतली पोरं हसायची. नव्या जागेवर गेला की मशीन गाडीवरच ठेवायचा आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई हुडकायचा. तिच्या उंबऱ्यात बसायचा, तिनं दिलेला चहा प्यायचा, सुनांच्या कागाळ्या ऐकायचा. मग हळूच विचारायचा, "आजी, पूर्वी पानी कुठनं आनायचा वं?" गड्यांना विचारलं तर ते बांध कुणाचा, भांडण कुणाचं तेवढं सांगतात. पाणी कुठं होतं ते बायकांच्या डोक्याला नि कमरेला माहीत असतं. साताऱ्याकडं डोंगराच्या पोटाला एक भिंत बांधायची होती. बोअर सगळे कोरडे आले. पण एका म्हातारीनं काठी टेकून दाखवलं, "हितं आमी हंडं भरायचो." बिराप्पानं तिथं पाण्याला वाट ठेवली. अजून ती भिंत उभी आहे.

म्हातारी नुसतं "जागा बरी न्हाई" म्हणाली तरी तो उठायचा नाही. का बरी नाही, कुणाचं काय झालं तिथं, हे तिच्या तोंडून निघेपर्यंत अर्धा दिवस जाईना का, बसून राहायचा. "म्हातारं मानूस भुताचं नाव घेतं तवा त्याच्या पायाखाली कायतरी असतंय," असं तो जोतीरामला सांगायचा.

तर अशा ह्या बिराप्पाच्या गावाला टाकी मंजूर झाली.

बाभळेवाडीला टँकरशिवाय उन्हाळा माहीत नव्हता. आता कालवा गावाच्या शिवेपर्यंत आला होता, कालव्याचं पाणी टाकीत आणि टाकीतलं घराघरात असं ठरलं. जमिनीचं काम बिराप्पाच्या कंपनीकडं आलं आणि त्यानं ते हट्टानं मागून घेतलं. जागा गावानं दिली, बिरोबाच्या देवळामागचा माळ. बिराप्पा तिथं लहानपणी करडं राखायचा. दगड न् दगड ओळखीचा. इथं कुणाच्या उंबऱ्यात बसायची त्याला गरज वाटली नाही. जाता जाता देवळाच्या कट्ट्यावर म्हातारी माणसं बसली होती, त्यांना तेवढं विचारलं.

"तात्या, देवळामागं टाकी धरलीया. तिथं पूर्वी काय व्हतं का वं?"

कोंडीबा तात्या त्याचा चुलत चुलता. त्यानं तंबाखू मळायची थांबवली. बाकीच्यांनी खाली बघितलं.

"काय असतंय?" तात्या म्हणाला. "मेंढरं बसायची. तुज्या बापाचीबी बसायची."

खोटं नव्हतं ते. पण त्याच माळावर एक हीरही होती. विहिरीला आमच्याकडं हीर म्हणतात. बिराप्पाच्या बापाची बहीण मनुबाई तिच्यात गेली होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती माहेरी आली होती, भावानं तिला परत नांदायला धाडायचं ठरवलं, आणि ज्या दिवशी जायचं त्या दिवशी पहाटे ती घागर घेऊन गेली ती वर आलीच नाही. बिराप्पा तेव्हा पाळण्यात होता. मग गावाच्या रीतीनं हीर बुजवली. प्रत्येक घरानं टोपली टोपली माती टाकली, आणि ज्यानं टाकली त्यानं पुन्हा त्या हिरीचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की गेलेली बाई पाणी मागायला उंबऱ्याशी येते, असं मानतात. बिराप्पाला घरात एवढंच सांगितलेलं की आत्ती तापानं गेली.

कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. पण पोरगं सायब होऊन गावाला पाणी द्यायला आलंय, त्याच्या मेलेल्या बापाचं पाप त्याच्या तोंडावर कशाला काढायचं? मायेनं गप बसले सगळे.

बोअर मारले, पायाच्या कोपऱ्यांवर आणि मधोमध. वर हातभर माती, खाली घट्ट पिवळा मुरूम, त्याखाली काळा पाषाण. ह्याच्याहून चांगली जमीन मागून मिळत नाही. हीर एका कोपऱ्याच्या थोडी पलीकडं होती, बोअर तिच्या बाजूनं गेला. असल्या मुरमात खड्ड्याच्या भिंती सरळ कापल्या तरी उभ्या राहतात, म्हणून फळ्यांचा आधार लावला नाही. त्यात चूक काढावी असं काही नव्हतं.

खड्डा निम्मा झाला तेव्हा सुलाबाई, बिराप्पाची आई, भाकरी घेऊन आली. वस्ती दूर, गुडघे गेलेले, तरी आली. टाकी माळावर होणार एवढंच तिला माहीत होतं, माळ तर केवढा. खड्ड्याच्या काठाला आली आणि थबकली.

"बिरू, हितं नगं बांधू."

"का गं?"

"नगं म्हंते न्हवं. जागा बरी न्हाई."

"म्हंजे? देवाचं काय हाय का?"

म्हातारी पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली.

बिराप्पा हसला. "बरं, नारळ फोडतो बिरोबाला. मग तर झालं?"

"आवं मावशी, दोन फोडतो," जोतीराम खालनं ओरडला. "एक तुमच्या ल्योकाच्या नावाचा. डोकं तेवढंच टणक हाय त्याचं!"

गडी हसले. सुलाबाई हसली नाही. भाकरी दगडावर ठेवली आणि गेली. बिराप्पानं सांजच्याला खरंच नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या गावात, दुसऱ्या म्हातारीनं हेच शब्द काढले असते तर त्यानं मशीन बंद करून तिच्यापाशी बैठक मारली असती. ही आई होती. आईचं बोलणं कोण काम म्हणून ऐकतं?

पुढच्या आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं. लोकांनी गुलाल उधळला. जन्मभर कोरड्या राहिलेल्या जमिनीत पाणी आतनं आत सरकत राहिलं, आणि बुजवलेल्या हिरीतली भुसभुशीत माती चिंब झाली. ती माती आणि खड्डा ह्यांच्यामधे मुरमाचा पडदा उरला होता, बाहेरनं धडधाकट दिसणारा.

खड्डा पाषाणाला लागला होता. काँक्रीट ओतायच्या आधी तळ साफ आहे का बघायचं म्हणून जोतीराम उतरला. गडी बाभळीखाली जेवायला बसले होते. बिराप्पा काठावर.

"सायब, तळाला वल लागतीया रं," जोतीराम म्हणाला. "ह्या कोपऱ्यातनं."

"वर ये."

"आलोच, हात लावून बघतो, कुठनं..."

भिंत आवाज न करता आली. मुरमाचं ढेकूळ फुटलं आणि मागनं काळा चिखल घसरला, नुसता चिखल. पिवळ्या जमिनीत काळी माती बघितली आणि बिराप्पाला तिथल्या तिथं कळलं. ही देवानं घातलेली माती नव्हती, माणसांनी टाकलेली होती. चिखलाबरोबर खापरं आली, पाणी शेंदायचा कुजलेला सोल आला.

"हीर हाय ही!" तो ओरडला. "हीर हाय!"

मशीन लावलं तर माणूस कापला जाईल, म्हणून हातानं उपसायला लागले. सगळं गाव आलं. कोंडीबा तात्या काठावर डोकं धरून मटकन बसला. जोतीराम सापडला तेव्हा त्याच्या नाकातोंडात तीच माती होती. मिशी पुसायला बिराप्पाला बराच वेळ लागला.

सरकारी माणसं आली, कंपनीची आली. नोंद झाली ती अशी की कालव्याचं पाणी अचानक मुरल्यामुळं दरड कोसळली, जमिनीखालचा भराव कुणाला माहीत नव्हता. सगळ्यांनी मान डोलावली. बिराप्पाकडं कुणी बोट दाखवलं नाही.

तो आईकडं गेला. ती शेळीला पाला घालत होती.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

म्हातारीनं वर बघितलं. "सांगितलं की बाबा. हितं नगं म्हनलं न्हवं?"

"हीर हाय म्हनून सांगायचंस!"

"तिच्यात मनू हाय," सुलाबाई म्हणाली. हीर बुजवल्यापासून पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. "पैली टोपली माज्या हातानं टाकलीया मी. कसं नाव घिऊ? तू इचारलं असतंस आनि एकडाव, तर... तू नारळ फोडलास."

मग तिनं सगळं सांगितलं, बापाचंही. बिराप्पानं ऐकून घेतलं. रडला नाही. खड्डा भरून टाकला, टाकी गावाच्या वरच्या अंगाला, उघड्या खडकावर नेली. तिथलं काम त्यानं दुसऱ्या सायबाला करू दिलं.

जोतीरामचे दिवस झाल्यावर तो औंधाकडं निघाला. बायकोनं विचारलं, "आता काय सांगणार तिला? समदं झालंय की सांगून." त्यानं चपला घातल्या.

रंगूबाई, जोतीरामची बायको, अंगणात ज्वारी पाखडत होती. कपाळ मोकळं. त्याला बघून सूप खाली ठेवलं.

"या भावजी. बसा."

तो खाली जमिनीवर बसला आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. आई काय म्हणाली, आपण काय केलं, नारळ, सगळं. "वैनी, पान्यानं न्हाई गेला तो. म्या इचारलं असतं तर गेला नसता."

रंगूबाईनं सुपातला एक खडा उचलला आणि बोटात फिरवत राहिली.

"म्हंजे थांबवता आलं असतं."

"व्हय."

"मंग मला कशाला सांगितलंत?"

"तुमाला खरं कळाय पायजे म्हनून."

"मला कळून काय करू मी त्येचं?" तिचा आवाज चढला नाही. "आमचा ऋषिराज बापासारका पलटणीत, तिकडं बर्फात बंदूक घिऊन हुबा हाय. त्येला म्या सांगितलं, पानी आलं, नशीब व्हतं. पोरगं रडलं आनि निजलं. तुमाला काका म्हंतंय ते. आता त्येला सांगू, तुज्या काकानं इचारलं न्हाई म्हनून?"

"सांगा. मी त्येच्यासमोर हुबा ऱ्हातो."

"तुमाला हलकं वाटंल म्हनून सांगू?"

बिराप्पानं मान खाली घातली. अंगणात चिमण्या उतरल्या, ज्वारीवर. रंगूबाईनं त्यांना हाकललं नाही.

"न्हाई सांगनार मी," ती म्हणाली. "आनि तुमीबी आता पुन्यांदा कुनाला सांगू नगा. जिथं टाकायचं तिथं टाकलंत. ऱ्हाऊ द्या आता हितंच."

तिनं खडा अंगणाबाहेर फेकला, सूप उचललं आणि पाखडायला लागली. आता थांबा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. कोंडा त्याच्या अंगावर येत होता. तो तसाच बसून राहिला.