मास्तरांच्या नावाची ओळ

मी ज्या दैनिकात मुद्रितं तपासायचे, त्याची सोलापूरची कचेरी बंद झाली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. आई आदल्या वर्षी गेली होती. लग्न मी केलेलं नव्हतं. दिवसभरात दूधवाल्याशी चार शब्द व्हायचे, तेवढंच बोलणं. कधीकधी संध्याकाळी दुकानात काही मागायला जावं तर आधी खाकरून आवाज मोकळा करावा लागायचा.

दोनेक महिन्यांनी ओळखीतून एक काम आलं. नवी पेठेत शाळेच्या गणवेशांचं दुकान असलेल्या एका मालकांनी चिंचोळी एमआयडीसीत शिलाईचा कारखाना काढला होता. घरात तेलुगू बोलणारं कुटुंब, वडिलांपर्यंत माग चालवलेले. परगावच्या शाळांकडून मागणी यावी म्हणून त्यांनी वेबसाइट उघडली होती.

"मॅडम, नुसते फोटो टाकून भागत नाही म्हणतात," ते म्हणाले. "दर आठवड्याला एक लेख पाहिजे. लोक काहीतरी शोधतात, त्यांना लेख सापडतो. लेखातून मग आपण सापडतो."

"पण मला शिवणातलं काही कळत नाही."

"मराठी तर कळतंय की."

अशी मी गणवेशांवर लिहायला लागले. दर सोमवारी सकाळी एक लेख. पांढरा शर्ट पिवळा का पडतो, मुलांच्या पँटचं कापड कसं निवडावं, मापं घरी कशी घ्यावीत. इकडचं तिकडचं वाचायचं आणि आपल्या भाषेत मांडायचं. किती जणांनी वाचलं याचा आकडा वेबसाइटवर मला दिसायचा. बहुतेकदा तो एक अंकी असायचा, आणि त्यातली दोन-तीन वाचनं माझीच असायची. चौकशीसाठी दिलेला मोबाइलही माझ्याकडेच होता. तो वाजायचा नाही. दैनिकात असताना माझ्या हातून गेलेलं पान सकाळी शहरभर असायचं. आता मी लिहिलेलं कुठे जातं तेच कळत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात शर्ट शिवण्याच्या पायऱ्यांवर लेख टाकला, आणि दुपारी फोन आला.

"लेख लिवणारे कोण हायत?"

"मीच."

"अक्का, तुमी कदी मशीनवर बसलाव काय?"

मी खरं ते सांगितलं. नाही म्हटलं.

"तरीच. आधी बटण लावा, मग काज करा असं लिवलाव. काज आधी! बटण काजाच्या मागं जातंय, काज बटणाच्या मागं जात न्हाय."

बोलणारे अक्कलकोटचे एक शिंपी होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. घरात कानडी, त्यामुळे मराठीलाही तो सूर होता. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, म्हणून मशीन बंद होतं. सून मोबाइलवर काय काय वाचून दाखवायची, त्यात माझा लेख सापडला होता. मी लगेच चूक दुरुस्त केली आणि त्यांना तसं कळवलं. "केलाव? खरंच?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. त्याच्या पुढच्याही. हळूहळू मी लेख लिहिण्याआधीच त्यांना विचारू लागले, आणि ते सांगू लागले. कापड आधी भिजवून आटवून घ्यायचं. पोरांच्या पँटचं आसन, म्हणजे बसायची जागा, पहिल्यांदा उसवतं, तिथे दुहेरी टीप मारायची. पायाला दोन इंच दुमड आत सोडायची, "वर्षात पोरगं ताडासारखं वाढतंय, आईबापाला परत कापड घ्यायला लावू नये." मी वहीत उतरवून घ्यायचे. लेख आता वाचले जाऊ लागले होते. सांगोल्याहून, टेंभुर्णीहून शाळांची विचारणा येऊ लागली. मालक खूश होते. मला मात्र आकड्यांपेक्षा सोमवारची दुपार महत्त्वाची झाली होती. त्या दिवशी मी जेवण लवकर उरकून घ्यायचे.

मग एका सोमवारी फोन आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मी केला तर सून म्हणाली, "झोपलेत." नंतर म्हणाली, "भायेर गेलेत." चौथ्या आठवड्यात मी एसटीनं अक्कलकोटला गेले.

मास्तर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. डोळ्यांवर नवा चष्मा. मी कोण ते सांगितल्यावर "या," म्हणाले, आत चहा टाकायला सांगितला, आणि पुन्हा पेपरात मान घातली. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. "आता दिसतंय की," एवढंच बोलले. आठ महिने जो माणूस फोनवर थांबता थांबत नव्हता, त्याच्यासमोर बसून मी नुसता चहा प्याले आणि निघाले.

सून मला स्टँडवर सोडायला निघाली. वाटेत ती एकदम थांबली.

"ताई, चूक माझी हाय. मी लेख वाचून दाखवायची ना, तवा शेवटी माझ्या मनानं म्हनायची, ही माहिती अक्कलकोटच्या अमुक मास्तरांनी दिली. त्यांचं नाव घ्यायची. त्यांना लई बरं वाटायचं. चार मानसांत सांगायचे, माझं नाव येतंय म्हनून. डोळं आल्यावर पयल्यांदा त्यांनी तुमचे लेख काडले. सगळे वाचले. नाव कुटंच न्हाय."

"काही बोलले?"

"न्हाय. तेच तर."

बसमध्ये मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. त्या बाईनं जे न सांगता केलं होतं, ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची नावं बरोबर छापली आहेत की नाही ते तपासत आले होते.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेले आणि मास्तरांचं नाव घालायची परवानगी मागितली.

"तुमचं तरी नाव कुठंय मॅडम? लेख कंपनीचा असतो."

"माझं नको. त्यांचं हवं."

"उद्या गिऱ्हाईक सरळ त्यांच्याकडंच गेलं तर?"

"ते आता शिवत नाहीत. सांगतात फक्त."

मालकांनी गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घाला," म्हणाले. "पण खाली, बारीक."

घरी येऊन मी एकेक जुना लेख उघडला. वही समोर ठेवली. मास्तरांनी सांगितलेलं ज्यात ज्यात होतं, त्या प्रत्येकाखाली त्यांचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं. दोन दिवस लागले. सुनेला कळवलं. "दाखवते," म्हणाली.

सोमवारी मी वाट पाहिली. फोन आला नाही.

महिन्याभरानं टेंभुर्णीच्या एका शिवणक्लासच्या बाईंचा वेबसाइटवर निरोप आला. लेखाखाली ज्यांचं नाव आहे ते मास्तर मुलींशी बोलतील का, त्यांचा नंबर मिळेल का? मी सुनेला विचारून नंबर दिला. काही दिवसांनी सुनेचाच फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"ताई, रोज कोन ना कोन फोन करतंय. क्लासमदी फोन मोठ्या आवाजावर ठेवत्यात, आन् हे हितनं वरडत्यात, दोरा वडू नका म्हनून!"

"माझी आठवण काढतात का?" असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. "छान झालं," म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

गेल्या आठवड्यात चुण्यांच्या स्कर्टवर लिहीत होते. चुण्या आधी इस्त्री करायच्या की कंबरपट्टी लावल्यावर, याची खात्री होईना. धीर करून मास्तरांना फोन लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी. मग पर्स उचलली आणि रिक्षा करून चिंचोळीच्या कारखान्यात गेले. इतक्या दिवसांत तिथे मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू जाईना. कडेच्या मशीनवर बसलेल्या एका बाईंना मी कागदावर स्कर्ट काढून दाखवला. त्यांनी कागद पाहिला, हसल्या, आणि स्टुलावरचा कापडाचा गठ्ठा खाली ठेवून मला बसायची खूण केली.